जळकी पेंढी

चकलांब्याजवळच्या तीन गावांत मिळून आग विझवायची एकच गाडी आहे. दुष्काळात दूध संस्था बंद पडली, तेव्हा तिथं दूध मोजणाऱ्या केशरबाईंनी संस्थेचा टँकर मागून घेतला. तिन्ही गावं आपापल्या वाट्याचं पाणी काढून तो भरून ठेवतात. चालवतात केशरबाईच. पण आगीची वर्दी आली की त्या आधी टँकरच्या पुढच्या जाळीला कडब्याची एक अर्धी जळकी पेंढी बांधतात, मगच चावी फिरवतात. हे कशासाठी, ते विचारल्यावाचून मला राहवेना.

"पयल्या आगीला निघालो, तर बाया रस्त्यात हंडे मांडून बसलेल्या," केशरबाई म्हणाल्या. "आग लागली म्हनलं, तर म्हनल्या, समदे टँकरवाले असंच कायतरी सांगून पळत्यात. आमी पोचेपतुर कडब्याची गंज जळून गेलती. लई राग आला बघा! त्यातलीच ही पेंढी उचलून बांधली. आता ती दिसली की बाया वाट देत्यात, अन् हंडे घेऊन मागं पळत येत्यात, आग विझवू लागायला."

"पण मावशी, दुसऱ्याच कुणी टँकरला अशी पेंढी बांधली तर?"

"बांधली की एकानं! पुढाऱ्याच्या मोसंबीला पानी चाललं हुतं. बायांनी वाट दिली अन् पळत गेल्या मागं, पार बागेपतुर."

"मग?"

"मग काय? टँकर भरलेला, हातात हंडे, अन् आग तर कुठंच न्हाई. घेतले भरून."