सुभेदारसाहेबांपुढे मोमो

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही हो. आमच्या इंदूरच्या ऑफिसात दुपारी दीड वाजता चार डबे एका टेबलावर उघडतात आणि कोणी ना कोणी "अरे, वो उस दिन का बताओ ना" म्हणतंच. सांगता सांगता एकाचे दोन होतात, दोनाचे चार. गेल्या दीड वर्षात आमच्याकडे साचलेले सगळे किस्से एकाच पदार्थाचे आहेत, आणि तो पदार्थ आम्ही घरी, पीठ मळण्यापासून, स्वतःच्या हातांनी करतो. खुशाल हसा, पण आधीच सांगून ठेवते, मला त्याचा भयंकर अभिमान आहे!

टेबलावरची माणसं चारच. मी मंजिरी. नलूताई सगळ्यात सीनियर, गणपतीत एकवीस उकडीचे मोदक गप्पा मारता मारता वळणाऱ्या. पाटीदारजी बेटम्याचे, घरची शेती असलेले, वीस वर्षं आमच्यात बसून मराठीत भांडायलाही शिकलेले. आणि मिलिंद सोनवणे आमच्यात धाकटा, मूळचा महूचा. त्याचे वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. त्यांना अख्खी गल्ली सुभेदारसाहेब म्हणते, म्हणून आम्हीही.

* * *

सुरुवात मिलिंदने केली. ऑफिसात कोणाचा तरी बर्थडे होता आणि बाहेरून मोमो मागवले होते. मिलिंदने एक उचलला, उलटा करून पाहिला आणि गुपचूप परत ठेवला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"ताई, बाबांनी हे पाहिलं ना, तर डब्यासकट खिडकीबाहेर!"

मग कळलं की सुभेदारसाहेब तरुणपणी तीन हिवाळे पहाडातल्या पोस्टिंगवर होते. तिथल्या लंगरमधल्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या, एका म्हाताऱ्या कुककडून ते मोमो शिकले. आपल्याकडे हा शब्दही कोणाला माहीत नव्हता, तेव्हा महूला त्यांच्या घरी दर रविवारी मोमो व्हायचे. आता हात थरथरतात, लाटणं धरवत नाही. दहा वर्षांत त्यांना मनासारखा एक मोमो खायला मिळाला नव्हता. मिलिंदने प्रयत्न केला होता, पण त्याला साधी पोळी गोल येत नाही.

नलूताईंनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे मैद्याचा मोदकच ना? त्यात काय आहे! आपण करून नेऊ."

या "त्यात काय आहे"ने आमचे पुढच्या दीड वर्षाचे रविवार खाल्ले.

* * *

नियम ठरले. महिन्यातून एक रविवार, आळीपाळीने एकेकाच्या घरी. रेडिमेड काहीही चालणार नाही. पाटीदारजींमुळे सारण शाकाहारी. आणि पहिली प्लेट सुभेदारसाहेबांना.

पहिली पाळी माझी होती. मैदा मळला, कोबी-गाजर चिरून सारण केलं, पाऱ्या लाटल्या, कळ्या पाडल्या, मोदकपात्रात ठेवले. बारा मिनिटांनी झाकण काढलं तर आत मोमो नव्हतेच! कोबीचं सूप होतं आणि त्यात मैद्याच्या चिंध्या. कोबीला मीठ लावून पाणी पिळून काढायचं असतं, हे आम्हा चार ग्रॅज्युएट लोकांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

पाच वाचले, ते घेऊन मिलिंदच्या घरी गेलो. सुभेदारसाहेब बनियन आणि हाफ स्वेटर घालून व्हरांड्यात बसले होते. एक खाल्ला, रुमालाने मिशा पुसल्या.

"मॅडम, मोमो तोंडात फुटला पाहिजे. भांड्यात नाही."

"म्हणजे काका, कसा झालाय?"

"नापास."

नुसतं नापास! ना "चांगला प्रयत्न आहे", ना "पुढच्या वेळी जमेल". मी घरी येऊन मोदकपात्र इतक्या रागाने घासलं की नवरा स्वयंपाकघरात यायला तयार नव्हता.

* * *

दुसरी पाळी नलूताईंची. त्यांच्या बोटांना चाळीस वर्षांची सवय. मोमो वळायला घेतला की आपोआप अकरा कळ्या पडायच्या आणि वर टोक यायचं. ताट भरलं तेव्हा मोमो कुठेच दिसेना, संकष्टीचा थाट दिसत होता.

वाफ निघाली, झाकण उघडलं. नलूताईंनी सवयीने पहिला मोमो वाटीत घेतला, वर तुळशीचं पान ठेवलं, देवघरापुढे पाण्याचं चौकोनी मंडल केलं, वाटी ठेवली, डोळे मिटले आणि हात जोडले.

पाटीदारजी मागून हळूच म्हणाले, "दीदी, इसमें प्याज-लसून है."

नलूताईंचे डोळे खाडकन उघडले. क्षणभर वाटीकडे पाहिलं, मग देवाकडे.

"देवा, हा तुझा नाही रे. हा सुभेदारसाहेबांचा!"

आणि वाटीतला मोमो डब्यात टाकला. सुभेदारसाहेबांनी तो टोकाचा मोमो बोटांत फिरवून बराच वेळ न्याहाळला. "सूरत अव्वल," म्हणाले. नलूताई फुलल्या. मग त्यांनी खाल्ला. "पारी जाड. नापास."

* * *

पाटीदारजींच्या पाळीला ते बेटम्याहून अर्धं पोतं भुट्टे घेऊन आले. म्हणे, "कोबी-बिबी छोडो. इंदूरचा मोमो आहे, तर आत भुट्टेका कीस पाहिजे!"

भुट्टे किसून, दुधात शिजवून, हिंग-मिरचीची फोडणी दिलेलं ते सारण, खरं सांगते, आम्ही अर्धं उभ्याउभ्याच चमच्याने संपवलं. उरलेल्याचे मोमो झाले आणि चक्क एकही फुटला नाही. आज पास, असं सगळ्यांनी मनात धरलं.

पण इंदूरचा माणूस तो इंदूरचाच. सुभेदारसाहेबांच्या हातात प्लेट जाण्याआधी पाटीदारजींनी खिशातून पुडी काढली आणि वरून जिरावण भुरभुरलं, तो आपला पोह्यांवरचा मसाला. कोणी अडवायच्या आत दुसरी पुडी काढून शेवही पसरली.

सुभेदारसाहेबांनी प्लेट डोळ्यांजवळ नेली. "हे काय आहे?"

"मोमो, साहेब!"

"खाली मोमो आहे. वर इंदूर आहे. खालचा दिसेल तेव्हा मार्क देईन."

पाटीदारजी मात्र आजही छाती पुढे काढून सांगतात, "भिया, फेल तो सेव हुई थी. मोमो तो पास था!"

* * *

मधेच एकदा हेड ऑफिसचे एक मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले होते. जेवायला आमच्याच टेबलावर बसले. आदल्या दिवशीचे मोमो मी तव्यावर परतून आणले होते. साहेबांनी एक घेतला, मग दुसरा, मग न विचारता तिसरा.

"किस दुकान के हैं?"

नलूताईंनी दोन्ही हात पुढे केले. "हे दुकान आहे साहेब. और कहीं ब्रांच नहीं है."

त्या दिवशी साहेबांनी आमच्या सेक्शनमध्ये एकही चूक काढली नाही. मिलिंद म्हणतो मोमोमुळे, मी म्हणते आमच्या कामामुळे. तरी पण, पुढच्या इन्स्पेक्शनला मी परत नेणार आहे.

* * *

आता हा किस्सा माझ्या फजितीचा. टेबलावर सगळे तो चवीने सांगतात, तर मीच सांगितलेला बरा.

पुन्हा माझी पाळी आली तेव्हा घरी पाहुणे होते आणि अंगात ताप होता. मी बाजारातून तयार पाऱ्यांचं पाकीट आणलं आणि कोणालाही बोलले नाही. सारण मात्र मीच केलं. मोमो देखणे झाले, सगळे एका मापाचे. बाकीच्या तिघांनी टाळ्या वाजवल्या.

सुभेदारसाहेबांनी खाल्लाच नाही. दोन मोमो शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, हाताने लाटलेले दोन कधी सारखे येत नाहीत. आमच्या परेडमध्येही दोन जवान सारखे यायचे नाहीत."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते रागावले नाहीत. म्हणाले, "तिथे वर पहाडात लाटणं नव्हतं. आम्ही काचेच्या बाटलीने लाटायचो. बोटं बधिर व्हायची. एक जरी मोमो फुटला, तर म्हातारा कुक म्हणायचा, तू जेवू नकोस, आधी बघ का फुटला."

निघताना मिलिंदने गेटपाशी सांगितलं, "ताई, मार्चमध्ये बाबा नागपूरला दादाकडे चाललेत. कायमचे."

म्हणजे हातात दोन महिने. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. माणसाने दहा वर्षं एका घासाची वाट पाहावी आणि मी त्यांना पाकिटातल्या पाऱ्या खायला घालाव्या!

* * *

त्यानंतर रोज ऑफिसातून आले की पर्स ठेवायची आणि एक वाटी मैदा मळायचा. कडा पातळ, मध्यभाग जाड, हे वाचायला एका ओळीचं आहे, हातात यायला पाच आठवडे लागले. घरचे मोमो खाऊन खाऊन जेरीस आले. एकदा नवऱ्याने ताटावर बसताना हात जोडले, "मंजिरी, आज पोळी मिळेल का गं? शिळी असली तरी चालेल."

पण एका संध्याकाळी पारी हातावर घेतली आणि तिच्यातून मला माझ्या तळहाताच्या रेषा दिसल्या. मी ती तशीच हातावर घेऊन शेजारणीला दाखवायला गेले. तिला काही कळलं नाही, पण मला कळलं ना!

* * *

शेवटचा रविवार. त्यांच्याच घरी करायचं ठरलं. सामानाची खोकी बांधून भिंतीला लावलेली होती. पाटीदारजींनी भाजी चिरली, मिलिंदने ती पिळली, मी पाऱ्या लाटल्या, नलूताईंनी कळ्या पाडल्या. सारणात मी थोडं लोणी जास्त घातलं होतं, आत रस राहावा म्हणून. जिरावण-शेवेच्या पुड्या पाटीदारजींनी स्वतःहून नलूताईंच्या पर्समध्ये जमा केल्या होत्या.

सुभेदारसाहेब नेहमीसारखे बनियन आणि हाफ स्वेटरवर खुर्चीत बसले होते. मी एक मोमो बशीत घालून पुढे केला.

त्यांनी तो अख्खा तोंडात टाकला. डोळे मिटले. रस ओठांच्या कडेला आला, तो पुसला नाही. चावणं थांबलं तरी डोळे उघडेनात. आम्ही चौघं ओळीत उभे होतो, निकालाला उभे राहतात तसे.

मग त्यांनी बशी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार लागलं.

"संपलं," मिलिंद पुटपुटला. "नाराज झाले."

नलूताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, गॅस बंद करावा आणि घरी जावं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग एक बांधलेलं खोकं सोडल्याचा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मिलिंद दारापर्यंत जाऊन "बाबा?" म्हणाला.

पंधरा मिनिटांनी दार उघडलं.

पांढरा शर्ट, रेजिमेंटचा टाय, नेव्ही ब्लू ब्लेझर, छातीवर ओळीने सगळी मेडल्स. बूट पॉलिश केलेले. मिशा विंचरलेल्या. सुभेदारसाहेब ताठ चालत आले, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, बसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हं, मॅडम. आता वाढा."