तोंड बघून घेतलेली गाडी

पेणजवळच्या जोह्यात गोविंदाकाकाला गाठायचं असेल तर गणपतीच्या कारखान्यात शिरून सरळ मूर्तींच्या रांगा बघत जायचं. जिथपर्यंत मूर्तींना डोळे आहेत आणि जिथून पुढे नाहीत, त्या दोहोंच्या मधे एक स्टूल असतं. स्टुलावर तो असतो.

गोविंदाकाका आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं, सगळ्यात शेवटचं काम. साचा एकाचा, भरणं दुसऱ्याचं, अंगाचा रंग तिसऱ्याचा, आणि डोळे याचे. सत्तावीस वर्षं झाली. त्यातली पहिली सहा नुसती उंदरांवर गेली, कारण शिकाऊ माणसाला देवाच्या डोळ्यांना हात लावू देत नाहीत. उंदराचं चुकलं तर कोण बघतो! काकाचं म्हणणं वेगळं. "उंदराकडं कोन बघत नाय," तो म्हणतो, "म्हणून तर तो सगल्यांकडं बघतो." हे तो अशा चेहऱ्याने म्हणतो की समोरच्याला मान हलवावीच लागते, आणि घरी गेल्यावर त्याला कळतं की आपल्याला काहीच समजलेलं नाही.

असा हा माणूस रिमोटच्या गाडीच्या नादाला लागला तो त्याच्या साडूमुळे. साडू म्हणजे काकाची बायको मैनाकाकी, तिच्या धाकट्या बहिणीचे, शकूमावशीचे यजमान. नाव प्रणित, राहायला रोहा, नोकरी धाटावच्या एका कंपनीत. प्रणितकाकांचं कुठलंही वाक्य "आमच्या प्लांटला" असं सुरू होतं. लग्नात पंगत उशिरा बसली तर आमच्या प्लांटला असं चालत नाही. अळूवडी सुटली तर आमच्या प्लांटला तो लॉट रिजेक्ट होतो. शिफ्टमधले चार दोस्त आणि ते स्वतः, असे पाच जण सुट्टीच्या रविवारी दाजींच्या शेतात रिमोटच्या गाड्या पळवतात. दाजी म्हातारे शेतकरी, भात आणि मग वाल काढून झाले की त्यांचं शेत रिकामंच असतं. अट एकच, बांध फोडायचा नाही.

गेल्या मार्गशीर्षात प्रणितकाकांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. जेवणं उरकल्यावर त्यांनी आपला मोठ्या चाकांचा ट्रक हॉलभर फिरवून दाखवला. गोविंदाकाकाने रिमोट बघायला मागितला. तेव्हा प्रणितकाका हसत हसत म्हणाले, "भाऊ, तुम्ही डोळे काढा. पळवायचं आमच्याकडे ठेवा."

सगळे हसले. मैनाकाकीपण हसली, आणि तेच लागलं. ज्याने सायकलसुद्धा आयुष्यात कधी घाईने चालवली नाही, तो गोविंदाकाका सुपारी गालात सारून म्हणाला, "अक्षय्यतृतीयेच्या आत माजी गाडी आणतो. मी सोता जोडलेली. आनी तुज्या पुढं काढतो."

अक्षय्यतृतीया अशासाठी की त्यानंतर आखणीचं काम अंगावर येतं आणि त्याला मान वर करायला सवड नसते. आता गाडी पुढे निघाली नाही तर काय होणार हे पूर्ण खानदानाला माहीत होतं. प्रणितकाका हा किस्सा प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला सांगणार होते, हाताने सुपारी गालात सारून दाखवत.

म्हणून गाडी निवडायला काका पेणला गेला. एसटी स्टँडच्या मागे साईराजचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, तोच मुंबईहून गाड्यांची किट मागवून देतो. साईराजची खोड अशी, की जे समजावून सांगायला अर्धा तास लागणार असतो त्याच्या आधी तो "काका, सिंपल आहे" म्हणतो. काका, सिंपल आहे, ही तयार गाडी, डबा फोडा नि पळवा. काका, सिंपल आहे, हे किट, सुटे भाग येतात, जोडायला महिना लागतो आणि दोन स्क्रू शेवटी उरतातच. तयार गाडी काकाने हातात घेतली नाही. दुसऱ्याने रंगवलेलं तोंड घेऊन तो रोह्याला जाणार नव्हता.

राहिले तीन खोके. साईराजने मोटर, बॅटरी, गिअर असं सगळं एका दमात सांगितलं. काकाने काहीच ऐकलं नाही. पेढीवाले कच्च्या मूर्ती बघायला येतात तेव्हा जे करतात ते त्याने केलं. बॉडी उचलली, बोटाच्या पेराने टकटक वाजवली, उलटी करून आतून बघितली, साच्याची शिवण कुठे आली ते अंगठ्याने चाचपलं. पहिली बग्गी. साईराजच्या मते शेतासाठी एक नंबर. काका म्हणाला हिचं तोंड शिंक अडकल्यासारखं आहे. दुसरा ट्रक, प्रणितकाकांच्यासारखाच. त्याला पाठ होती, तोंड नव्हतं. तिसरी बसकी, लांबट, डांबरी रस्त्यावरची गाडी. तिची बॉडी काचेसारखी आरपार, रंगाचा ठिपका नसलेली. काकाने ती दारातल्या उन्हात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"काका, सिंपल आहे," साईराज म्हणाला. "ही रस्त्याची. शेतात नेलीत तर पोटावर बसेल."

"कोरी हाय. आनी तोंड हाय."

"शर्यत तोंडाने जिंकत नाहीत, काका."

"तू गणपती बघाय जातोस तवा आदी काय बघतोस?"

साईराजने खरं उत्तर दिलं. "गर्दी."

काकाने तिसरा खोका उचलला.

जोडणीचा महिना मैनाकाकीच्या तोंडून ऐकावा. ओसरीभर पेले, एका पेल्यात एका जातीचे स्क्रू, आणि कुणी पाणी प्यायला पेला उचलला की घरात भूकंप. किटबरोबर आलेलं पुस्तक चित्रांचं होतं आणि अक्षरं जपानी. काकी रोज संध्याकाळी विचारायची, "अवो, तुमचं ह्ये जपानी पंचांग सरनार कदी?" तिने एकदा शेजारणीला सांगितलं की नवऱ्याने इतक्या मायेने आपल्याला वीस वर्षांत कधी ग्रीस लावलं नाही. शेजारणीला वाटलं गुडघेदुखीचं चाललंय. तिने तेलाचं नाव सुचवलं.

खरी गंमत रंगाच्या वेळी झाली. असली आरपार बॉडी आतून रंगवतात, म्हणजे वरून ओरखडे आले तरी रंग शाबूत राहतो. आतून रंगवायची म्हणजे सगळं उलटं. बाहेरून जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आतून सगळ्यात आधी मारायचं. अंगाचा रंग शेवटी. आणि डोळे पहिले.

हे कळल्यावर काका तीन दिवस बॉडी मांडीवर घेऊन नुसता बसला. सत्तावीस वर्षं ज्याने आधी पांढरं भरलं, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी श्वास रोखून प्रकाशाचा तो पांढरा ठिपका ठेवला, त्याला ठिपक्यापासून सुरुवात करायची होती. अंग नाही, कपाळ नाही, काही नाही, आणि मोकळ्या हवेत एक ठिपका. देवाचे डोळे तर काढायचेच नव्हते, ते गाडीला शोभणार नाहीत आणि पाप लागेल ते वेगळं. मग त्याने जुनी ओळख काढली. किटबरोबर आलेले दिव्यांचे स्टिकर बाजूला ठेवले आणि त्या जागी उंदराचे दोन डोळे काढले. आधी ठिपका, मग काळं, मग पांढरं. मग कारखान्यातल्या कंप्रेसरच्या गनने आतून सगळीकडे हळदी रंग.

बाहेरच्या बाजूला पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं होतं. ते सोलून काढलं तेव्हा गाडीने डोळे उघडले. मैनाकाकी चुलीपाशी होती. ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं, आणि उजवीकडून डावीकडे सरकली. डोळे तिच्याबरोबर सरकले.

"आता हिला तुमी भुईवर ठेवनार?" ती म्हणाली.

काकाने पाट आणला.

शिमग्यानंतरच्या रविवारी काका रोह्याला निघाला. पेणला रेल्वेत बसला, मांडीवर हळदी गाडी, आणि तिच्या तोंडावर रुमाल. मूर्ती नेताना तोंड झाकायचं ही हाताची सवय. निडी स्टेशनला चढलेल्या एका बाईने रुमाल बघून नमस्कार केला आणि या दिवसांत कुठले गणपती म्हणून विचारलं. काकाने रुमाल उचलून दाखवला. बाईने नमस्कार परत घेतला नाही.

शर्यत मात्र साईराज म्हणाला तशीच झाली. दाजींनी बांधावरून पंचा झटकला, पाच गाड्या धुरळा उडवत गेल्या, आणि काकाची हळदी गाडी अकरा हातांवर भाताच्या धसकटावर पोट टेकून बसली. चाकं फिरत होती, गाडी नव्हती. फेऱ्या तीन होत्या. काकाने रिमोट दोन्ही हातांत धरून तिन्ही फेऱ्या उभ्याने बघितल्या.

पण एक गोष्ट तेव्हाच घडली. अडकलेल्या गाडीवरून ट्रक घालणं हा प्रणितकाकांचा आवडता खेळ, त्याला ते "ओव्हरटेक" म्हणतात. दुसऱ्या फेरीला ते तयारीत आले, आणि ऐन वेळी ट्रक बाजूला काढून बांधावर आपटला. का, म्हणून दोस्तांनी विचारलं. हात घसरला म्हणाले. तिसऱ्या फेरीलाही घसरला. जिंकले तेच, पण जिंकल्यावर सगळे मोबाईल काढून जमले ते हळदी गाडीभोवती. प्रणितकाका म्हणाले, "भाऊ, गाडी मस्त आहे. शोकेसला." आणि सुपारी गालात सारून दाखवली.

त्यानंतरच्या गुरुवारी प्रणितकाका जोह्यात हजर. बगलेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. साईराजकडून आणलेली नवी कोरी बॉडी होती. शकू म्हणत होती, ते म्हणाले, मला काय त्याचं, आमच्या प्लांटला असले लाड नसतात, पण शकू म्हणत होती की जरा डोळे टाकून दिले तर. गोविंदाकाकाने कुंचला न थांबवता रांगेकडे बोट केलं. "ठेव तिकडं. नंबर लागंल."

पुढच्या आठवड्यात बाकीच्या चौघांच्या बॉड्या आल्या. म्हणजे झालं असं, की ज्याला एकदा तरी डोळ्यांपासून सुटून काहीतरी पळवायचं होतं, त्याच्या स्टुलापुढे आता गणपतींच्या रांगेत पाच गाड्याही आंधळ्या बसल्या होत्या. मैनाकाकीने सुचवलं, बाकीच्यांचे राहू देत, पण प्रणितरावांची गाडी जरा चकणी करा. काकाच्या मनातही तेच होतं. पण ठिपका आधी ठेवायचा असतो. एकदा ठिपका नीट पडला की पुढचं वाकडं काढायला त्याचा हात तयार होईना. पाचही गाड्या सरळ नजरेच्या होऊन रोह्याला परत गेल्या.

अक्षय्यतृतीयेच्या आधीच्या शेवटच्या रविवारी काका, काकी आणि रुमालाखालची गाडी दाजींच्या शेतावर पोचले तर पाची जण उकिडवे बसून धसकटं उपटत होते. सकाळी सातपासून. ढेकळं फोडून झाली होती, कालव्यातून जारने पाणी आणून शिंपडलं होतं, वर लाकडी धोपटण्याने चोपून जमीन ओट्यासारखी केली होती. प्रणितकाका घामाने भिजलेले. "आमच्या प्लांटला," ते म्हणाले, "आधी हाऊसकीपिंग, मग प्रॉडक्शन." खरं कारण त्यांच्या एका दोस्ताने हळूच सांगितलं. सराव करताना ट्रक ढेकळात घातला की तो वळून असा बघतो, की घरी गेल्यावर जेवण जात नाही.

दाजी बांधावर विडी ओढत देखरेख करत होते. तो कोपरा पण घ्या, तिकडून गाडी घसरंल, म्हणत त्यांनी पलीकडचा चौकोनही साफ करून घेतला. तिकडे शर्यतच नव्हती.

पंचा झटकला. पाची जणांच्या गाड्या निघाल्या त्या पालखी निघावी तशा. धक्का कोणी देईना. वळणावर दोघे एकदम आले तर दोघेही थांबले, आणि कंपनीत मिटिंगला दारातून शिरताना करतात तसं, तुम्ही आधी, नाही नाही तुम्ही, झालं. त्यात दर वळणानंतर गाडी आपल्या मालकाकडे तोंड करून येई आणि मालकाचा अंगठा ढिला पडे. एकाने तर तिला येताना बघून रस्ता सोडला.

गोविंदाकाकावर याचा काहीच परिणाम नव्हता. दर साल हजारभर डोळे त्याच्याकडे टक लावून बघतात. दोन डोळ्यांनी त्याचं काय होणार? आणि खाली होती सपाट, चोपलेली, धसकट नसलेली जमीन, म्हणजे ज्या रस्त्यासाठी ती बसकी गाडी बनवलेली होती तोच रस्ता, पाच जणांनी हाताने तयार करून दिलेला. पहिल्या फेरीत ती चौथी होती, दुसरीत दुसरी. शेवटच्या वळणावर पुढे फक्त प्रणितकाकांचा ट्रक होता. तो वळला, मालकाकडे बघू लागला, प्रणितकाकांनी नकळत नजर खाली घातली, आणि हळदी गाडी शेजारून सरळ निघून दाजींच्या पंच्यापाशी जाऊन थांबली.

मैनाकाकी हसली. या वेळी तिने शर्यत बघायला आलेल्या शकूमावशीचा दंड धरून हसून घेतलं.

"ही काय शर्यत झाली?" प्रणितकाका म्हणाले. "कोणी पळवलीच नाही. सगळे मिरवत होते."

"व्हय," गोविंदाकाका म्हणाला. "पन पुढं कोन होता?"

मग त्याने गाडी उचलून पोट पुसलं, तोंडावर रुमाल टाकला आणि बांधाकडे निघाला. बांधाला दाजींचा पॉवर टिलर उभा होता, लाल रंग उडालेला. काका त्याच्यापाशी थांबला. बोटाच्या पेराने पत्रा वाजवला. वाकून पुढून बघितलं, मग जरा मागे सरून.

दाजींनी विडी तोंडातून काढली.

"त्याला हात लावू नको हां, गोविंदा," ते म्हणाले. "मला पावसात नांगरायचं हाय."