जि. उदगीर छापलेला डबा

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण चन्नप्पा गुरुजींचं. देवणीच्या शाळेत त्यांनी मला शिकवलं आणि कॉलेजचा फॉर्म स्वतः भरून दिला. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. फौजेत मी घोड्यांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. लान्स दफेदार म्हणून निवृत्त झालो.

परवा माळेगावच्या जत्रेत घोड्यांच्या बाजारात एक जण ओरडत होता, "कोलॅजन घ्या! चार दिवसांत लंगडा घोडा दुलकी चालीनं धावतो!" मी डबा उघडून हुंगला. वर वेलची, खाली सरस उकळल्याचा वास. झाकण लावून डबा परत ठेवला. म्हणून हे लिहितो.

त्या वर्षी आमचं पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होतं. साडेपाचला स्टेबल, साडेसहाला खरारा, आठला सिक परेड, म्हणजे आजारी घोड्यांची तपासणी. शेरा रोज सिक परेडला असायचा. वय चौदा. मागच्या उजव्या पायाच्या सांध्यात संधिवात. त्याचा स्वार दफेदार गंगाधर, बिलोलीचा. महिनाभरात फरक पडला नाही तर शेराला फौजेतून काढायचं ठरलं होतं. गंगाधर त्या काळात जेवणावरून अर्ध्यात उठायचा.

मी हे गुरुजींना पत्रात लिहिलं. त्यांचं पार्सल आलं. सोबत चिठ्ठी : "इकडे दुष्काळ आहे. लातूरला पाणी रेल्वेनं येतंय. उदगीर जिल्हा होणार म्हणतात. आपल्याच एका विद्यार्थ्यानं कारखाना काढलाय. तुझ्या घोड्याला दे."

डब्यावर छापलं होतं : शुद्ध शाकाहारी कोलॅजन. मु. पो. देवणी, जि. उदगीर.

गंगाधरनं डबा फिरवून पाहिला. "देवणी अजून लातूर जिल्ह्यातच हाय. उदगीर जिल्हा झाला न्हाई, अन् डब्यावर छापला बी? लई घाई हाय की तुमाला, देवणीकर."

"होईल की. तुमचा नांदेड जिल्हा जुना म्हणून मिरवता."

"हाव, हाव. माझा शेरा दुलकी धरू दे, तुलाच कलेक्टर करतो बघ."

कॅप्टन साहेब, म्हणजे आमचे घोड्यांचे डॉक्टर, रजेवर होते. बाहेरचं काहीही त्यांच्या परवानगीशिवाय द्यायचं नाही, असा हुकूम होता. मी मनाशी म्हटलं, ही तर खुराक आहे, औषध थोडंच. इतक्या दूर आपल्या गावाचं नाव छापलेलं पाहून छाती फुगली होती. तोबऱ्यातल्या दाण्यात मी स्वतः पावडर मिसळली.

पाचव्या सकाळी शेरा दगडी रस्त्यावर सरळ दुलकी चालला. गंगाधरनं त्याच्या मानेला मिठी मारली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं : शेरा, फिट.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गंगाधर आणि शेरा तुकडीबरोबर पेट्रोलवर, म्हणजे गस्तीला, गेले. अकरा वीसला वायरलेस सेटवर आवाज आला.

"शेरा उतारावर बसला. दफेदार खाली गेले. ड्रेसर पाठवा. ओव्हर."

"किती खाली? ओव्हर."

"नाल्यात. हालत नाहीत. ओव्हर."

बारा पाचला मी पोचलो. गंगाधरची नाडी लागली नाही. शेरा वर तीन पायांवर थरथरत उभा होता. सांधा पार निखळला होता. कॅप्टन साहेब त्याच दिवशी रजेवरून परतले होते. ते माझ्यामागून आले, पाय पाहिला आणि पिस्तूल मागितलं.

नंतर त्यांनी डबा पुढे ठेवला. "कोलॅजन किस चीज़ से बनता है?"

"कातडी, हाडं, स्नायूबंध, सर."

"तो शाकाहारी कैसे हुआ? और चार दिन में असर?"

हे मी ट्रेनिंगमध्ये शिकून पास झालो होतो. कोलॅजननं फरक पडला तर काही महिन्यांनी पडतो, तोही थोडाफार. तपासणीत पावडरमध्ये भरपूर वेदनाशामक निघालं. सांधा झिजतच होता, फक्त शेराला ते कळत नव्हतं. कळत असतं तर त्यानं उतारावर जपून पाय टाकला असता. मला त्या डब्याची किळस आली, आणि ज्या हातानं मी 'फिट' लिहिलं त्या हाताची त्याहून जास्त. चौकशीत मी सगळं कबूल केलं. माझी हुद्द्याची फीत उतरवली गेली, ती परत मिळायला वर्षं लागली. ते योग्यच झालं.

गुरुजींना कळवावं की नाही, यात आठ दिवस गेले. गळ्यात इष्टलिंग असलेला, अंडंसुद्धा न शिवणारा माणूस. मग हे पत्र टाकलं :

"ती. गुरुजींना साष्टांग नमस्कार.

दफेदार गंगाधर, मु. बिलोली, जि. नांदेड, पेट्रोलवर असताना दरीत पडून वारले. त्यांचा घोडा शेराही गेला. तुम्ही पाठवलेल्या पावडरमध्ये दुखणं दाबायचं औषध मिसळलेलं होतं. ती शाकाहारीही नाही. हाडाकातड्याची आहे. तुमच्याकडचे उरलेले डबे खड्ड्यात पुरा, कुणाला देऊ नका, आणि त्या विद्यार्थ्याला हे पत्र दाखवा.

तुम्ही विश्वासानं पाठवलंत. घोडा फिट आहे असं मी लिहिलं. तुम्ही शिकवलं होतं, सही करण्याआधी पूर्ण वाचावं. मी गावाचं नाव वाचलं आणि थांबलो.

पाकिटावर पत्ता जि. लातूर असाच घातला आहे.

आपला विद्यार्थी."