कानाच्या पाळीला गेलेला हात

एका साक्षीदाराचा कानाच्या पाळीला गेलेला हात काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दुसऱ्याचं डिझाइन चोरल्याचे खटले लढवणं हा माझा व्यवसाय. परवा माझे अशील दामूअण्णा साक्षीला उभे होते. ते आकाशकंदील बनवतात. एका कंपनीने त्यांचा कागदाच्या घड्यांचा कंदील जसाच्या तसा उचलला. ती घडी अण्णांनी एकट्याने, दोन वर्षं खपून, शोधून काढलेली.

समोरच्या वकिलांनी अगदी मायेने विचारलं, "ही घडी कुणाची, अण्णा?"

कंदील करायला शिकवणाऱ्या गुरूचं नाव घेताना जातो तसा अण्णांचा हात आपसूक कानाला गेला. "सगळं गुरुजींचं. माझं काय आहे यात?"

ते वाक्य नोंदवलं गेलं. मी हरकत घ्यायला उठले खरी, पण हरकत कशाला घेणार? कायद्याला 'हे माझं' असं ठणकावून सांगणारा माणूस लागतो. अण्णांसारख्यांना सगळं घडवता येतं, तेवढे दोन शब्द उच्चारता येत नाहीत. आणि ते त्यांना शिकवायला माझीही जीभ रेटली नव्हती.

बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "नीट बोललो ना, मॅडम?"

"हो अण्णा," मी म्हटलं, "अगदी नीट बोललात."