तिसऱ्यांदा बसलेला कंट्रोल

लॅबमध्ये तिला सगळे शंकेखोर ताई म्हणत. वीस वर्षं रक्त तपासणारी बाई, पण गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून दोनदा माघारी फिरणारी!

रोज सकाळी ती एक छोटी वही काढायची आणि लिहायची: आज मशीन ठीक असल्याची खात्री, शंभरात किती. मग कंट्रोल लावायची, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं तो नमुना. उत्तर जुळलं की आकडा थोडा चढवायचा, चुकलं की उतरवायचा. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

"काय ताई, मशीनची पत्रिका मांडताय?" साहेब चिडवायचे. लॅबची रीत सोपी होती. कंट्रोल चुकला की पुन्हा लावायचा, आणि बसला की तेवढाच रजिस्टरात चढवायचा. चुकलेले फक्त ताईच्या वहीत.

सोमवारी पोटॅशियमचा कंट्रोल एकदा चुकला, हवा त्यापेक्षा कमी आला. वहीतल्या पंच्याण्णवचे ऐंशी झाले. मंगळवारी पुन्हा तसाच, कमीच. साठ. बुधवारी लागोपाठ दोनदा. तीस! ती वही घेऊन साहेबांकडे गेली.

"आजचे रिपोर्ट जुन्या मशीनवर काढते."

"तिसऱ्यांदा बसला ना? मग झालं तर! सही करा. वॉर्डातून फोनवर फोन येताहेत."

आणि तिनं केली की सही! वहीत तीस लिहिलं त्याच हातानं. रोज रोज वाईटपणा कोण घेणार?

गुरुवारी कंट्रोल पहिल्याच खेपेला बसला. साहेब हसले. तिनं तिसाचे चाळीस केले, पण मन खात राहिलं.

पहिल्याच ट्रेमध्ये तिच्या धाकट्या बहिणीच्या रक्ताची नळी होती. जुलाबांनी हैराण झालेली, कालच वरच्या वॉर्डात दाखल केलेली. पोटॅशियम फारच कमी आलं, आणि रिपोर्ट छापून वर गेलासुद्धा. असा रिपोर्ट बघून वॉर्डात सलाइनमधून पोटॅशियम देतात. मुळात कमी नसताना दिलं, तर हृदय बंद पडू शकतं.

ताईला वहीतले चुकलेले कंट्रोल आठवले. तीच नळी तिनं जुन्या मशीनला लावली. पोटॅशियम नॉर्मल, उलट वरच्या टोकाला. तिनं वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, माझ्या बहिणीला ते सलाइन लावू नका!"

"अहो, आत्ता लावायलाच घेतलं होतं. थांबवते."

ताईनं फोन ठेवला. देव पावला, असं ती दोनदा मोठ्यानं म्हणाली. मग समोर पडलेली वही तिला दिसली.

तिनं रिपोर्टांची यादी काढली. सोमवार ते बुधवार, पोटॅशियम कमी म्हणून तिच्या सहीनं त्या वॉर्डात गेलेले रिपोर्ट होते नऊ. तिनं पुन्हा फोन लावला आणि एकेक नाव वाचू लागली.

"त्यांना घरी सोडलं... त्या बऱ्या आहेत... हेही बरे आहेत..." चौथ्या नावाला सिस्टर थांबली. "ते आजोबा? ते काल दुपारी वारले हो. चांगले बोलत होते, आणि एकाएकी... का हो, काय झालं?"

ताईनं चौथ्या नावाखाली रेघ ओढली. यादीत अजून पाच नावं होती.