मामांच्या आकाशी मोटारीचा रंग

देवाने निर्दोष अशी एकही वस्तू या जगात घडवलेली नाही, हा शोध जानेफळच्या माझ्या मामांनी लावला होता आणि उरलेलं आयुष्य त्यांनी त्याचे पुरावे गोळा करण्यात घालवलं. बाजारात वांगी घ्यायची तर मामा एकेक वांगं उचलून उन्हाकडे धरत, त्याच्या आरपार पाहायचं असल्यासारखं. शिंप्याकडून सदरा आला की आधी उलटा करून शिवण पाहत, मग सुलटा करून काजं पाहत, आणि अंगात घालायची वेळ आली की "बटन थोडंसं कलतं हाये" म्हणून परत पाठवत. थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा मुलगी बाजूलाच राहिली. मामांनी नवऱ्या मुलालाच अंगणात उभं करून चहूबाजूंनी पाहिलं आणि "पोरगं चांगलं हाये, पन डावा खांदा जरासा खाली हाये" असा शेरा दिला. लग्न त्याच मुलाशी झालं. पण पुढे कितीतरी वर्षं जावईबापू सासुरवाडीला आले की डावा खांदा उचलून चालत.

मी तेव्हा मेहकरच्या शाळेत मास्तर होतो. शनिवारची सकाळची शाळा सुटली की सायकल काढायची आणि जानेफळला मामांकडे जेवायला हजर व्हायचं, असा माझा नेम. जेवणाचं खरं आकर्षण अर्थातच मामी. मामी बोलायच्या कमी आणि हसायच्या त्याहून कमी, पण त्यांच्या हातच्या भाकरीला आणि तुरीच्या वरणाला तालुक्यात जोड नव्हती. मामा जेवता जेवता थांबत, घास तोंडात घोळवत, आणि शेवटी म्हणत, "चालते." मामांच्या कोशात यापुढचा शब्दच नव्हता. मामी तेवढ्यावर समाधानी दिसत. निदान आम्हाला तसं वाटे.

अशा माणसाने मोटार घ्यायची ठरवली. मामांची जमीन चांगली होती, कापूस चांगला होत होता, आणि आता विकून टाकलेल्या जुन्या जीपवर हात बसलेला होता. पण मागितली आणि मिळाली असे ते दिवस नव्हते. नंबर लावायचा आणि वाट पाहायची. मामांनी इतकी वाट पाहिली की मध्यंतरी धाकट्या मुलीचंही लग्न होऊन गेलं. शेवटी अकोल्याच्या विक्रेत्याचा निरोप आला आणि मामा मला घेऊन निघाले. "तू चाल सोबत. इंग्रजीत काही लिहेल असलं तं वाचून दाखवजो."

मोटार आकाशी रंगाची होती. झेंडूचा हार घालून आम्ही ती दुपारपर्यंत जानेफळला आणली. बायाबापड्यांनी ओवाळलं, नारळ फुटला, आणि अर्ध्या गावाने तिच्या दारांत आपापली तोंडं पाहून घेतली. मामांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी प्रथमच निखळ आनंद पाहिला. तो ऊन कलेपर्यंत टिकला. तिरपं ऊन मोटारीवर पडलं आणि मामा मागच्या दारापाशी गुडघ्यांवर बसले.

"मास्तर," त्यांनी हाक मारली. आवाज असा, की मला वाटलं साप निघाला. "इकडं ये. इथं पाह्य."

मी पाहिलं. मला एक आकाशी दार दिसलं.

"असं समोरून नको पाहू. वाकडा होऊन पाह्य."

मी वाकडा झालो. मुठीच्या खाली मोहरीच्या निम्म्याने एक फोड रंगावर आला होता. पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर रंगाचा एक ओघळ सुकून राहिला होता. आणि मागच्या झाकणावर, रंगाच्या थराखाली, पाय पसरून एक डास कायमचा निजला होता.

"आपला नसंल कशावरून?" मी विचारलं.

"आपला डास रंगाच्या वर बसंल बे! हा आत हाये. हा कंपनीचा डास हाये."

मग तपासणी रीतसर सुरू झाली. मामांनी घरातून मूठभर कापूस मागवला आणि तो पत्र्यावरून हलक्या हाताने फिरवला. जिथे रंग खरखरीत, तिथे कापसाचा धागा अडकायचा. धागा अडकला की मामा आनंदाने हुंकार देत आणि माझ्या खिशातल्या खडूने तिथे एक गोल काढत. दिवेलागणीपर्यंत ती मोटार गोवर निघाल्यासारखी दिसू लागली.

शेवटी मामांनी मामींना हाक मारली. "ऐकते काय! बाहेर ये. हे पाह्य कंपनीनं काय केलं."

मामी पदर सावरत आल्या. वाकल्या. "हाव," त्या म्हणाल्या, "दिसते ना. चांगलाच मोठा हाये." आणि त्यांनी पत्र्यावर बोट ठेवलं. मामा दाखवत होते त्या जागेपासून ते हातभर लांब होतं.

मामांना गहिवरून आलं. "पाह्यलं काय मास्तर? तुह्या मामीनं आनखी एक शोधला!" आणि त्यांनी मामींच्या बोटाभोवती खडूचा गोल काढला. मी त्या गोलात खूप वेळ पाहिलं. मला काहीच दिसलं नाही, पण मामांच्या मोटारीत काही दिसत नाही म्हणणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांवर आळ घेणं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गोवर निघालेली मोटार आम्ही परत अकोल्याला नेली. खडू उडू नये म्हणून मामांनी ती अशी हळू चालवली, की रस्त्यात बैलगाडीवाले आम्हाला ओलांडून गेले आणि जाताना "बिघडली काय पाटील?" असं प्रेमाने विचारून गेले. विक्रेता तरुण आणि सभ्य होता. तो एकेका गोलापाशी वाकला, काही मान्य केले, काहींपाशी घाम पुसला. मामींच्या गोलापाशी मात्र तो अडला.

"काकाजी, इथं तर काहीच नाही."

"माह्या बायकोनं दाखवला हाये," मामा म्हणाले. "तिनं आजवर माह्यासमोर एक खोटा शब्द काढला नाही."

कंपनीचा तपासनीस पाठवतो, असं कबूल करून विक्रेत्याने सुटका करून घेतली. तपासनीस येईपर्यंत मोटार वापरायची नाही, असं मामांनी ठरवलं. वापरली तर तुमच्याच हातून झालं म्हणतील! त्यामुळे नवीकोरी मोटार कापसाच्या गोदामात धोतर पांघरून उभी, आणि मामी साखरखेर्ड्याच्या बहिणीकडे एस.टी.ने उभ्या उभ्या जाऊन आल्या. आल्या त्या गुडघा फोडून घेऊन. पायरी चुकली म्हणाल्या. मामांनी एस.टी.च्या पायरीला नावं ठेवली आणि विषय संपला.

तपासनीस आला तो नेमका शनिवारी. पांढरी पँट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि पुण्याकडची स्वच्छ भाषा. अर्धं गाव अंगणात जमलं होतं. अंगणातल्या निंबाखाली एक लाकडी टेबल कायमचं असे. आज त्या सावलीत मोटार उभी करायची म्हणून मामांनी ते भिंतीकडे सरकवलं होतं. तपासनीस भिंगातून डास पाहत होता आणि मामा त्याला डासाचं कूळ समजावून सांगत होते.

तेवढ्यात मामी चहाचा पितळी ट्रे घेऊन बाहेर आल्या. रोजच्या पावलांनी अंगण ओलांडलं, निंबाखाली आल्या आणि रोज जिथे टेबल असे तिथे त्यांनी निर्धास्तपणे ट्रे ठेवला. ट्रे मोटारीच्या नाकावर आदळला. कप उडाले, मामींनी सावरायला ट्रे ओढला, आणि त्याची कड त्या आकाशी रंगावरून कर्रकन् एक लांब रेघ ओढत खाली आली.

गावाने मामांना बटणासाठी शिंप्यावर ओरडताना ऐकलं होतं. मामांनी रेघेकडे पाहिलं. मग मामींकडे पाहिलं. मामी हात जोडून उभ्या होत्या आणि घाबऱ्या आवाजात "चुकलं माह्यं, चुकलं" म्हणत होत्या; पण त्या हे सगळं तपासनीसाला म्हणत होत्या.

मामा चपला न वाजवता दोन पावलं बाजूला झाले. मामींचं तोंड तपासनीसाकडेच राहिलं.

"ऐकते काय," मामा हळूच म्हणाले, "मी कुठं उभा हावो?"

मामी आवाजाकडे वळल्या, चाचपडल्या. "हे काय... इथंच तं हा तुमी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी निंबाच्या झाडाकडे हात केला.

"कवापासून?" मामांनी विचारलं.

"झाले दिवस. पह्यले धुकं पडल्यावानी दिसे. आता नुसता उजेड समजते."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

मामींनी पदर डोळ्यांना लावला. "कसं सांगू? एवढूशा फोडासाठी तुमी नवी गाडी वापस करून राह्यले. म्या म्हनलं, हे आपल्याले काय म्हनतील!"

मामा खाली बसले. मोटारीच्या चाकापाशी, सांडलेल्या चहात, धोतराची पर्वा न करता. शेवटी तपासनीसच बोलला. माणूस भला होता. "हे बघा, मूळचे दोष मला मान्य आहेत. गाडी महिनाभर आमच्याकडे ठेवा. सगळा रंग खरवडून नव्याने देऊ. आताचं हेसुद्धा त्यातच जाईल."

एवढ्यासाठी तर मामांनी सगळा खटाटोप केला होता. गावाने मामांकडे पाहिलं.

"गाडी नाही देत," मामा म्हणाले. "मले उद्या अकोल्याले जायाचं हाये. डोयाच्या डाक्टरकडं."

"मग परवा पाठवा."

"परवाबी लागंल. डाक्टर म्हनंल तवा लागंल. तुमी चहा घ्या. दुसरा करायले सांगतो."

मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला निघाला. आधी एक डोळा उघडायचा ठरला. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर रोग्याला मान न हलवता पडून राहावं लागे. मामी पट्टी बांधून पडून राहिल्या आणि मामा खाटेशेजारी स्टुलावर. मी भेटायला गेलो तेव्हा ते मामींना मोसंबीच्या फोडी भरवत होते, प्रत्येक फोड आधी खिडकीकडे धरून, बी काढून. परिचारिकेच्या टोपीची इस्त्री, भिंतीच्या चुन्याचे पोपडे, डॉक्टरांची एक शिवण उसवलेली बाही, सगळं त्यांना दिसत होतं. ते माझ्या कानात सांगत होते. मोठ्याने एक शब्द नाही.

पुढे मामींना जाड भिंगाचा चष्मा मिळाला, त्या दिवशी त्यांना घरी न्यायला मी मामांबरोबर होतो. दवाखान्याच्या फाटकाबाहेर मोटार उभी होती. मामींनी ती प्रथमच पाहिली. तिच्याभोवती सावकाश चक्कर मारली, आणि पुढे येऊन थबकल्या.

"अगं बाई! एवढी मोठी रेघ? हे कोनं केलं?"

मी मामांकडे पाहिलं. मामांनी घसा खाकरला.

"कंपनीनं," मामा म्हणाले. "तशीच आली तिकडून. चालते."

मामी पुढे बसल्या, मी मागे. अकोला सुटलं आणि मामींनी बोलायला सुरुवात केली. आयुष्यभर न बोललेली बाई त्या दिवशी जानेफळ येईपर्यंत थांबली नाही. "तो पाह्या, पळस फुलला. त्या बाईचं लुगडं किती हिरवं हाये! कापूस वेचून राह्यले वाटते तिकडं. हाव ना? अन् हा कोनता पक्षी, निळा?" प्रत्येक गोष्टीला मामा म्हणत होते, "हाव." निळा पक्षी आला तेव्हा तर त्यांनी मोटार रस्त्याकडेला थांबवली, यंत्र बंद केलं, आणि तो तारेवरून उडून जाईपर्यंत आम्ही तिघं तिथे बसून राहिलो.

आता मामा नाहीत, मामी नाहीत. ती मोटार कुठे गेली मला ठाऊक नाही. त्या रस्त्याने जाताना मला मामांचं बोलणं क्वचितच आठवतं, आणि ते तर इतकं बोलत. आठवते ती समोरच्या सीटवरची त्यांची पाठ, मामींकडे जराशी कललेली, आणि त्यांचं ते मुकाट्याने ऐकणं.