तोरणमाळच्या वाटेवरचा ट्रेलर

"मागे घ्या, डायव्हर! घ्या मागे!"

आवाज रमणभाईंचा, म्हणजे आमच्या लाकूड-ठेकेदार शेठच्या जावयाचा. मी स्टिअरिंगवर बसून होतो आणि मागचं काहीच दिसत नव्हतं. उजव्या खिडकीला खडक, डावीकडे दरी.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मिलिटरीने विकलेला एक ट्रक आमच्या शेठने घेतला होता. मी तो शहाद्याहून तोरणमाळच्या जंगलात नेत असे. आधी गेलेल्या दुसऱ्या ट्रकचा गिअरबॉक्स घाटात गेला, म्हणून सागाने भरलेला ट्रेलर वळणावरच सोडून दिला होता. ट्रेलर म्हणजे इंजिन नसलेली मागची गाडी. तिच्या पुढे लोखंडी दांडा असतो. तो ट्रकच्या हुकात बसवायचा आणि वरून पिन टाकायची. सपाटीवर हे काम किरकोळ. इथे ट्रेलर चढावर, ट्रक त्याच्या खाली, आणि एवढं वजन चाकांखालच्या दोन दगडांवर तोललेलं.

मी इंजिन बंद केलं. डाव्या दाराने उतरून दरीच्या कडेकडेने मागे गेलो. बघतो तर रमणभाईंनी मजूर दित्या पावराला दांडा खांद्यावर देऊन ट्रक आणि ट्रेलरच्या मधोमध उभं केलेलं.

"दित्या, बाहेर ये आधी!"

"पण साहेब म्हणतात..."

"साहेबांना म्हणू दे. तू ये."

तो आला. रमणभाई तडकले. "नंदुरबारला रेल्वेची वॅगन उभी आहे! एक माणूस दांडा धरेल, तुम्ही ट्रक घ्याल, झालं."

"दगड निसटला तर?"

"इतका वेळ निसटला का?"

मी क्लीनर कादरला म्हटलं, "ट्रेलरची मागची बाजू वरच्या झाडाला साखळीनं बांध."

कादर साखळी घेऊन गेला. दित्याने ओंडके रचून दांडा हुकाच्या उंचीवर टेकवला. म्हणजे धरायला माणूस लागणार नव्हता. एवढ्यात रमणभाई स्वतःच मधे शिरले, कोट सावरत. "मी धरतो! बसा गाडीत!"

मी डोक्याला हात लावला. "तुम्ही बाहेर येईपर्यंत गाडी चालू होणार नाही," म्हटलं, आणि चावी खिशात टाकली.

"शेठना सांगेन. दुसरा डायव्हर आणेन."

"आणा."

ते धुसफुसत बाहेर आले. कादर वरच्या खडकावर बसला. तिथून त्याला हूकही दिसे आणि मीही. मी इंच-इंच मागे घेऊ लागलो.

"येऊ दे... आखो थोडं... थांब! सरकी ऱ्हायना, सरकी ऱ्हायना!" ट्रेलर सरकतोय म्हणून कादर वरून ओरडला.

दांडा हुकाला घासला होता. त्या धक्क्याने दगड निसटला आणि ट्रेलर खाली आला. दांड्याखालचे ओंडके उधळले. दांडा ट्रकच्या मागच्या फळीतून आरपार गेला. मग साखळी कडाडून ताणली गेली आणि सगळं थांबलं. रमणभाई मघाशी जिथे उभे होते, तिथे आता वीतभर जागाही उरली नव्हती.

दित्या उधळलेले ओंडके गोळा करू लागला.

पहिल्यांदा बोलले ते रमणभाई. "फळी फोडलीत की हो!"

मी ट्रक पुढे काढला, दगड नव्याने लावले, ओंडके पुन्हा रचले. दुसऱ्या खेपेला दांडा नीट बसला. इंजिन बंद करून, ट्रकच्या चाकांनाही दगड लावून मगच कादरने पिन टाकली. ट्रक जरा मागे रेटला तेव्हा साखळी सैल पडली आणि सोडता आली.

शहाद्याला पोचल्यावर रमणभाईंनी शेठना सांगितलं, "साखळी मीच बांधायला लावली."

शेठनी त्यांची पाठ थोपटली. मला फळी बदलायला सांगितली.

पुढे जे जे नवीन डायव्हर माझ्या हाताखाली आले, त्यांना मी एवढंच शिकवलं: ट्रक आणि ट्रेलरच्या मधे माणूस असेल तर इंजिन बंद. माणूस मालकाच्या घरचा असेल तर चावीसुद्धा खिशात.